पिवळ्यावर या!

"आई, खरं सांग हं! आपल्या इमारतीचा व्होल्टेज तू मुद्दाम कमी ठेवतेस ना?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही, माझ्या मैत्रिणींच्या, गोटी आणि लांबीच्या डोक्यातला. शाळेला निघताना दोघींनी मला दोन्ही बाजूंनी ढोसलं आणि गोटी म्हणाली, "हिंमत असेल तर विचार. इथेच, सगळ्यांसमोर. मोठ्याने." आता मला 'हिंमत असेल तर' म्हणणं म्हणजे वाळल्या गवताजवळ काडी ओढणं. गेल्या वर्षीपर्यंत मी शाळेच्या व्हरांड्यातून भिंतीला घासून चालायचे, कारण मला जाडी म्हणायचे. यंदा मी आंतरशालेय स्पर्धेत गोळा फेकला आणि तो इतका लांब पडला की पंचांनी टेप पुन्हा लावून बघितली. तेव्हापासून माझं नाव गोळा. आता मी व्हरांड्याच्या मधोमध चालते आणि भिंतीला बाकीचे घासतात.

तर मी विचारलं. चांगलं घसा फाडून.

आई तेव्हा इमारतीसमोरच्या खांबावर होती. कमरेला पट्टा, हातात रबरी मोजे, काखेत पाना. माझी आई लाइनमन आहे. लाइनवुमन म्हणा, लाइनबाई म्हणा, ऑफिसात तिला लाइनमनच म्हणतात आणि तीही ओ देते. खाली अर्धी इमारत तोंड वर करून उभी होती, कारण सप्लाय बंद होता आणि दुसरं कुणाला काही कामच सुचत नव्हतं.

"मुद्दाम?" आई वरून म्हणाली. "अगं, तुमचा व्होल्टेज पाडायला माझी काय गरज? तुम्ही सगळे समर्थ आहात की!"

सगळे हसले. गोटीचे बाबा मात्र हसले नाहीत. ते तळमजल्यावर बर्फ आणि गोठवलेले मासे विकतात. दुकानात ओळीने मोठाले फ्रीझर, आणि स्वतःही फ्रीझरएवढेच. सगळी इमारत त्यांना बर्फवाला म्हणते, आम्ही पोरं काका म्हणतो.

"पोटची पोर विचारतेय," काका आजूबाजूला बघत म्हणाले. "उगाच नाही विचारत."

मी पैज जिंकले होते. त्यांच्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

आमच्या इमारतीची गंमत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खांबावरून आमच्याकडे तीन तारांनी वीज येते. लाल, पिवळी, निळी. तारांना रंग नसतो, पण सगळे तसंच म्हणतात. प्रत्येक घरात दाराशेजारी एक फिरता खटका असतो. तो फिरवला की घर लालवरून पिवळ्यावर किंवा निळ्यावर जातं. कुणाचं घर कुठल्या तारेवर असावं हे ठरवून दिलेलं होतं, पण आमच्या लोकांना ठरवून दिलेलं कधी पचलंय? संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, दिवे, शेगड्या लागल्या की व्होल्टेज बसायचा आणि दिवे आजारी पडायचे. मग जिन्यातून कुणीतरी ओरडायचं, "पिवळ्यावर या!" की खटाखट खटके फिरायचे. अख्खी इमारत पिवळ्यावर. थोड्या वेळाने पिवळा कण्हायला लागायचा. मग हाक यायची, "निळ्यावर चला रे!" मेंढरं एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात. आणि पुन्हा वर तोंड करून म्हणायचे, वीज कंपनी चोर आहे.

मारामाऱ्याही व्हायच्या. कुणी कुणाच्या आधी चांगली तार पकडली यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन सख्ख्या जावांनी एकमेकींची डोकी कठड्यावर आपटली होती. कठड्यावर अजून डाग आहे. आम्ही पोरं तिथून जाताना त्यावर पाय देत नाही.

या सगळ्याला कंटाळून आईने त्या आठवड्यात एक काम केलं. घरं तिन्ही तारांवर सारखी वाटली आणि प्रत्येक खटक्याला तार ओवून शिशाचं सील मारलं. कुणी फिरवायचं नाही. आमचं घर, माझ्या बाबांचं दुकान, पहिल्या मजल्यावरचे घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आणि आणखी काही घरं आली लालवर. फ्रीझर आले निळ्यावर. सील मारताना काका दारात आडवे उभे होते.

"वहिनी, माझा माल सडला तर?"

"सगळे आपापल्या जागी राहिले तर नाही सडणार."

"आणि नाही राहिले तर?"

"तर मग माल काय, सगळंच सडेल," आई म्हणाली आणि पक्कड दाबली.

त्या दुपारी शाळेतून आले तेव्हा आई बाबांच्या दुकानात डबा खात बसली होती. माझे बाबा शिंपी आहेत. दुकान इमारतीतच, रस्त्याच्या बाजूला. बाबांची मशीन मोटरवर चालते आणि व्होल्टेज पडला की मोटर म्हाताऱ्यासारखी खोकत चालते. त्यामुळे बाबांचाही जीव पिवळ्यावर होताच. फक्त बायकोपुढे बोलायची सोय नव्हती.

"आज काय तारे तोडलेस सकाळी!" आईने मला बघताच म्हटलं.

"पैज होती."

"पैजेवर उद्या विहिरीत उडी मारशील."

"मला पोहता येतं."

बाबा हसू दाबायला टाके घालू लागले. आईने डबा बाजूला सरकवला, बाबांच्या बटणांच्या डब्यातलं एक मोठं बटण घेतलं आणि त्याला तीन दोरे बांधले. एक माझ्या हातात दिला, एक बाबांच्या, एक स्वतःकडे ठेवला. बटण टेबलावर मधोमध.

"हे तीन रंग. तिघांनी सारखं ओढा."

ओढलं. बटण जागेवर.

"आता दोर लांब म्हणजे व्होल्टेज जास्त, दोर आखूड म्हणजे कमी. तिघांकडे किती?"

"सारखा," मी म्हणाले.

"आता तू सगळी ताकद लाव. गोळा आहेस ना!"

मी ओढलं तसं बटण माझ्याकडे घसरलं. आईने पटकन बटणाच्या भोकातून टाचणी टेबलात खुपसली. बटण थांबलं.

"ही टाचणी म्हणजे चौथी तार. न्यूट्रल. आपण एका बाजूला गर्दी केली तरी बटण मधेच राहावं म्हणून ती मरमर मरते. सकाळी मी तिचाच सांधा आवळत होते. वर जाऊन बघ कधीतरी, तार तापून काळी पडलीये. शुक्रवारी नवी ओढायची आहे. तोवर कुणी खटक्यांना हात नाही लावला म्हणजे झालं."

"आणि टाचणी तुटली तर?"

आईने टाचणी उपसली. बटण सूं करून माझ्या बोटांशी आलं. माझा दोर वीतभर. बाबांच्या आणि आईच्या हातात मात्र लांबलचक दोर तणाणून उभा.

"जिथे गर्दी तिथे अंधार," आई म्हणाली. "आणि जी बिचारी शहाणी आपल्या जागेवर बसली, त्यांच्या घरात जवळजवळ दुप्पट व्होल्टेज. फट्."

मग तिला पलीकडच्या वस्तीतून बोलावणं आलं, तुटलेली तार पडलीये म्हणून, आणि ती सायकलवर टांग टाकून गेली.

दिवेलागणीला मी दुकानातच बटणं लावत बसले होते. उकाडा मी म्हणत होता. पंखे रोजच्यासारखेच मंदावले, थोडेसेच, पण एकदा हाय हाय करायची सवय लागली की माणूस थोडं आणि जास्त बघत नाही. जिन्यातून आवाज आला. तळमजल्यावरून, जाड, ओळखीचा.

"बास झाली ही शिस्त! पिवळ्यावर या!"

मग वरच्या मजल्यावर एक सील तुटलं. कट्. मग दुसरं. मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा सगळ्या जिन्यात कडकडाट. बाबा हातात कात्री घेऊनच दारापर्यंत गेले. "अहो, नका हो... ती नाही म्हणालीये... शुक्रवारपर्यंत तरी..." त्यांचा आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीवरही चढला नाही. ते परत येऊन मशीनवर बसले.

"आपण नाही फिरवायचं," मी म्हणाले.

"छे! आपण कसं फिरवू? माझी बायको माझंच माप घेईल."

वरून घड्याळजींचा आवाज आला, "मी नाही फिरवणार! मी ताईंना शब्द दिलाय!" कुणीतरी त्यांना वेडावलं आणि मजला हसला.

आणि गंमत बघा. सगळे लाल सोडून गेल्यावर आमचा दिवा एकदम लख्ख झाला. पंखा भिरभिरला. बाबा इतके खूश झाले की त्यांनी मशीनवर पाय दाबला आणि म्हणाले, "बघ, प्रामाणिकपणाचं फळ!"

बाहेर खांबावर धाडकन आवाज झाला. निळी ज्योत तारेवरून सरसर धावली आणि ती काळी पडलेली चौथी तार मधोमध तुटून सापासारखी रस्त्यावर लोंबली.

आमचा दिवा पांढराफटक झाला आणि फुटला. काचा माझ्या केसांत. मशीनची मोटर किंचाळली. मी आयुष्यात मशीनला तसं ओरडताना ऐकलं नव्हतं. बाबांनी पाय उचलला होता, मी बघितलं, पाय उचललेला होता, तरी सुई थांबेना. कापड गेलं, कापडाबरोबर बाबांचं बोट गेलं. सुई नखातून आत, बाहेर, आत, बाहेर, आणि मग हाडात मोडली. बाबा ओरडले नाहीत. फक्त "अगं... अगं..." म्हणत राहिले, जणू माझी परवानगी मागत होते. प्लगमधून ठिणग्या थुंकल्यासारख्या उडत होत्या. मी लाकडी मोजपट्टीने मेन स्विच हाणून पाडला आणि बाबांचं मनगट दाबून धरलं. शिवणीचा दोरा त्यांच्या बोटातून आरपार गेला होता. तो मी दातांनी तोडला. अजून ती चव तोंडातून जात नाही.

वरून घड्याळजींची किंकाळी आली. त्यांचा टीव्ही त्यांच्या तोंडावर फुटला होता आणि खिडकीचा पडदा पेटला होता.

मी बाहेर आले. इमारतीचं एक विचित्रच रूप झालं होतं. बहुतेक सगळ्या खिडक्यांत दिवे विझत्या निखाऱ्यासारखे लालसर. काकांच्या दुकानात फ्रीझर एकजात घुमत होते, नुसते थरथरत होते, सुरू होईनात आणि बंदही होईनात. जळक्या वार्निशचा वास सुटला होता. आणि पहिल्या मजल्यावर एकाच खिडकीतून आग बाहेर जीभ काढत होती. जिना माणसं ओकत होता.

तेवढ्यात आई आली. सायकल तशीच सोडून दिली, ती गटारात गेली. मोजे चढवतच ती खांबाखालच्या फ्यूजच्या पेटीकडे धावली.

"सरका! आधी फ्यूज काढू द्या! बंद केल्याशिवाय पाणी मारू नका कुणी!"

पेटीच्या आणि तिच्या मधे काका उभे राहिले.

"हात लावायचा नाही."

"अहो, वर माणूस जळतोय!"

"सकाळी तू हात लावलास आणि संध्याकाळी ही वाट लागली. आता आणखी काय पेटवायचंय? तुझ्या पोरीनेच विचारलं ना सगळ्यांदेखत? मुद्दाम करतेस ना?"

"हो, पोरीनेच विचारलं!" मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्याने उचललं. माझं वाक्य या तोंडातून त्या तोंडात गेलं आणि प्रत्येक तोंडातून मोठं होऊन बाहेर पडलं. मी ओरडत होते, "पैज होती! ती पैज होती!" पण तेव्हा माझं कोण ऐकतंय.

आई त्यांना चुकवून पेटीकडे गेली. काकांनी तिची वेणी धरली. वेणीने मागे खेचून तिचं डोकं खांबावर आपटलं. एकदा नाही. लोखंडी खांब असा घणघणला की शाळेची घंटा आठवावी. आई खाली बसली आणि बसल्याबसल्या पेटीचं झाकण उघडायला हात लांब केला. काकांनी त्या हातावर बूट ठेवला आणि सगळं अंग त्या बुटावर टाकलं. काहीतरी मोडलं. मी दुकानाच्या दारात होते, तरी मला ऐकू आलं.

आणि बाकीच्यांनी काय केलं? कुणी लाथ घातली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या जावांपैकी एकीने, जिचं कपाळ मारामारीनंतर आईनेच पाण्याने धुवून दिलं होतं, आईच्या पाठीत चप्पल घातली. वर घड्याळजी "आग! आग!" करत होते आणि खाली आग लावणारे आग विझवणारीला तुडवत होते. चोर तो चोर, वर शिरजोर.

"काका, सोडा तिला," मी म्हणाले.

त्यांनी वळूनही बघितलं नाही.

बाबांची जुनी लोखंडी इस्त्री दाराशीच होती. वीज नसते तेव्हा निखारे घालायची ती. तेव्हा थंड होती. मी ती उचलली. मला घाई नव्हती, हेच आठवून मला आता भीती वाटते. इस्त्री हनुवटीखाली घेतली, मान वाकवली, मागच्या पायावर भार दिला. सर सांगतात, ताकद हातात नसते, कमरेत असते. मी कमर फिरवली.

इस्त्री काकांच्या खांद्यावर, मानेजवळ पडली. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. ते गुडघ्यांवर आले, मग कुशीवर, आणि त्यांचा एक हात अंगाखाली अशा कोनात वळला जसा हात वळत नाही. गोटी कुठेतरी होती, कारण मला तिची किंकाळी ओळखू आली. मी त्यांच्यावर धावले. इस्त्री पुन्हा उचलली. एक माणूस मला आडवा आला, मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. एकीने माझे केस धरले तर मी तिला केसांसकट ओढत नेली. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. त्या क्षणी मला असं वाटत होतं की मी सगळ्या इमारतीला पुरून उरेन आणि कुणीच उभं राहू नये.

"गोळा!"

आई मला कधी त्या नावाने हाक मारत नाही. मी थांबले. ती रांगत पेटीपर्यंत पोचली होती. मोडलेला हात छातीशी, दुसऱ्या हाताने तिने एक फ्यूज उपटला. मग दुसरा. मग तिसरा. सगळा गुणगुणाट एकदम थांबला. अंधारात फक्त वरची आग, आणि तिच्या उजेडात सगळ्यांची तोंडं.

"आता पाणी मारा," आई म्हणाली आणि आडवी झाली.

घड्याळजींना लोकांनी चादरीत गुंडाळून खाली आणलं. ते जगले. एका डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एकाच इस्पितळात. आईच्या कपाळाला टाके, उजवा हात प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत. बाबांचं बोट फडक्यात, मोठ्या दोऱ्याच्या रिळासारखं. आणि व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत काका, खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं.

सकाळी आईच्या ऑफिसातले साहेब येऊन गेले. चांगले बोलले, फळं ठेवून गेले. जाताना म्हणाले, "उद्या चौकशी आहे. लोक म्हणतात काल सकाळी सांधा तुम्हीच केला होता. तेवढं नीट सांगा म्हणजे झालं." आई म्हणाली, "साहेब, तार सांध्यात नाही तुटली, मधे वितळलीये. वर चढून बघा." साहेब म्हणाले, "बघू ना, बघू." त्यांचं पोट बघता ते शिडीवर चढतील असं मला वाटलं नाही.

दुपारी गोटीची आई आली. बरोबर गोटी. काकू आईच्या खाटेवर बसल्या, आईच्या पायावरची चादर सारखी केली, आणि रडल्या. खरंच रडल्या. मग पदराने नाक पुसलं आणि कामाचं बोलल्या.

"वहिनी, झालं ते वाईट झालं. यांचा स्वभाव तापट. पण तुमच्या पोरीने यांना जन्माचं अधू केलं. इस्त्री कुणी फेकली ते अजून आम्ही पोलिसांना सांगितलं नाहीये. सांगितलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा. शाळा, स्पर्धा, पुढे नोकरी, लग्न. पोरीच्या नावाला कायमचा डाग."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काही नाही. उद्याच्या चौकशीत तुम्ही म्हणा, सांधा ढिला राहिला, माझी नजरचूक. आम्ही म्हणतो हे जिन्यावरून पडले. तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला."

"नोकरी जाईल तिची," बाबा म्हणाले.

"नोकरी काय हो, आज आहे उद्या नाही. पोर एकच आहे."

मी दारात उभी होते. गोटी भिंतीला टेकून चपलेचा पट्टा ओढत होती.

"माझ्या बाबांना हात वरच करता येत नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"माझ्या आईला मूठ मिटता येत नाही."

"तू पैज का लावून घेतलीस?"

"तू का लावलीस?"

ती हळूच म्हणाली, "घरी बाबाच रोज म्हणायचे तसं. मला वाटलं, खरंच असेल." मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. काकूंनी तिला हाक मारली आणि त्या दोघी गेल्या.

मग आई आणि बाबा बोलायला लागले. हळू आवाजात, मी झोपलेय असं समजून. मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते खरी, पण कान काही मिटता येत नाहीत.

"म्हणून टाक," बाबा म्हणाले. "मी दुकान वाढवीन. तू बटणं लावशील."

"मला बटणं लावता येत नाहीत."

"शिकवीन."

"एका हाताने?" आई हसली, आणि मग प्लास्टरकडे बघत म्हणाली, "मी ढिला ठेवला नव्हता हो सांधा. दोनदा आवळून बघितला होता. आता मी म्हणायचं, माझ्या हाताने घर जळालं. घड्याळजी ऐकतील. ज्याने माझ्या शब्दासाठी खटका फिरवला नाही, तो आंधळा होऊन ऐकेल की चूक माझीच होती."

"ते मलाही कळतं."

"आणि पुढच्या वेळी जो कुणी सील मारायला जाईल, त्याला हेच दाखवतील. बाईने मारली होती, बघा काय झालं. पण पोरीला पोलिसांत नाही जाऊ द्यायची. म्हणते मी. उद्या म्हणते."

"ठरलं?"

"ठरलं."

मी ऐकत होते आणि माझ्या अंगात कालचंच ते काहीतरी परत चढत होतं. पुन्हा काहीतरी उचलून फेकावं. समोरच्या खोलीत जाऊन काकांचा दुसराही खांदा. पण आता ते करून काही होणार नव्हतं. ती इस्त्रीच तर त्यांच्या हातातलं हत्यार झाली होती. मी फेकली होती, आणि आता ती हवेतून परत येऊन आईच्याच डोक्यात बसणार होती. काकूंकडे विकायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझं नाव. मी ते लपवलं नाही तर त्या काय विकणार?

भीती वाटली? वाटली. डाग, शाळा, स्पर्धा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सर मला पुन्हा मैदानावर उभी करतील का, हेही आलं. आणि काकांचा तो उलटा वळलेला हात आला. तो मीच वळवला होता, याच हातांनी, आणि मला मजा आली होती. ते कुणी जिन्याच्या नावावर ढकललेलं मला नको होतं.

मी उठले. खुर्ची किंचाळली तशी दोघंही दचकली. मी पायात चपला घातल्या, केस बांधले.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी झोपले नव्हते. आई, उद्या तू चौकशीत काय घडलं तेच सांगायचंस. सांधा घट्ट होता, सील सगळ्यांनी तोडली, आणि तार मधे वितळली. नजरचूक वगैरे एक अक्षर बोलायचं नाही. मी आत्ता पोलीस चौकीत चाललेय. इस्त्री मी फेकली, का फेकली, आणि त्याआधी त्यांनी तुला काय केलं, सगळं माझ्या तोंडाने सांगणार आहे. रागावा, रडा, काय करायचं ते करा, माझं ठरलंय. बाबा, बरोबर येताय की मी एकटी जाऊ?"